टक्के मोजून झाले असतील, तर आता हात बघा

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि शिक्षणाधिकारी यांस,

विषय :

विषयाची ओळ कोरी राहिली आहे, त्याबद्दल माफी असावी. मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, यूडीआयडीचा म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा फॉर्म. लोकांचं दुखणं एका ओळीत बसवून देणं हाच माझा दिवसभराचा धंदा. स्वतःचं मात्र चार दिवस बसवून पाहिलं, बसलं नाही.

जिल्ह्याचं नावही मुद्दाम घातलेलं नाही. विदर्भातला कापूस-सोयाबीनचा जिल्हा, एवढं पुरे. एक प्रत आवक विभागात दिली आहे, त्यामुळे ज्यांना पोचायचं त्यांना पत्र पोचलं आहे. बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्याचं नाव घालून वाचावं.

गेलं वर्षभर आमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातल्या एका मंगळवारी ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम येत. मंगळवार आमचा बाजाराचा दिवस. ऑटो, काळीपिवळी, एसटी, सगळं त्या दिवशी खेड्यापाड्यातून भरून येतं, म्हणून आयाही लेकरं घेऊन येत. डिसेंबरात त्या खोलीच्या दाराला कागद लागला. मनुष्यबळ उपलब्ध नसल्याने तालुक्याची तपासणी बंद, गरजूंनी जिल्ह्याच्या ठिकाणी संपर्क साधावा, तसेच वर्षातून एकदा भव्य महाशिबिर घेण्यात येईल. 'भव्य' हा शब्द ठळक अक्षरांत आहे. हे मला नक्की माहीत आहे, कारण तो कागद टाइप करायला माझ्याच केंद्रात आला होता. मी टाइप केला, दोन प्रती काढल्या, वीस रुपये घेतले. माझ्या पोराची पुढची तारीख जानेवारीत होती.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑक्युपेशनल थेरपीला सरकारी मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. या शब्दाने आमचं फार नुकसान केलं. पहिल्यांदा चौकशीला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाबूंनी पोराचं वय विचारलं. सहा म्हटलं. "मंग व्यवसायाचं आत्तापासून काहून?" त्यांची चूक नाही, शब्दच तसा आहे. सहा वर्षांच्या लेकराचा व्यवसाय म्हणजे जेवणं, अंघोळ, चड्डीची नाडी, शर्टाचं बटण, खेळणं, भांडणं आणि पाटीवर लिहिणं. यातलं जे जमत नाही ते नेमकं का जमत नाही, हे शोधून काढायचं आणि मग जमवून आणायचं, एवढा त्याचा अर्थ. आडात आहे की नाही हे न बघता पोहऱ्याला शिव्या घालणं थांबवायचं, असं म्हणा हवं तर.

माझा मुलगा दुसरीत आहे. नाव लिहीत नाही. मोबाइलवर एकदा गेलेलं नाव त्याच्या लग्नापर्यंत फिरत राहील. आठव्या महिन्यात झाला, १ किलो ६०० ग्रॅमचा. अकरा दिवस नवजात कक्षात काचेच्या पेटीत होता. सुट्टीच्या कार्डावर 'फॉलोअप' असं लिहिलं होतं. कशाचा, कुठे, किती दिवसांनी, ते आम्ही विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. लेकरू जिवंत घरी चाललंय याच आनंदात होतो. बसायला उशीर, चालायला वीस महिने. तीन वर्षांचा असताना अंगणवाडीच्या ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई, हा पोट्टा दुसऱ्यासारखा नाही धरत काही. चमचा त्याच्या हातात फिरते." सगळ्यात आधी ओळखलं ते त्यांनी, हे इथे लिहून ठेवतो. कारण मानधनाच्या संपात त्यांचा फोटो येतो, याबद्दल येत नाही.

मग अंगणवाड्या-शाळांतून फिरणाऱ्या आरोग्य पथकाची गाडी आली, जिल्ह्याला दाखवा अशी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला दोनदा गेलो. एकदा संबंधित डॉक्टर रजेवर. दुसऱ्यांदा कान बघितले, डोळे बघितले, बुद्धी मोजली, सगळं ठीक. "मोठा होईल तसा सुधरेल." आम्हालाही तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू.

तो मोठा झाला आणि तान्हा पोळा आला. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी नंदी ओढत दारोदार जातात, बोजारा मागतात. आजोबाने त्याला चाकांचा नंदी आणला होता, शिंगांना बेगड लावलेला. बाकीची पोरं एका हाताने दोरी ओढत, दुसऱ्या हाताने पैसे खिशात टाकत पुढे निघून गेली. हा दोरी धरायचा तेव्हा चालायचं थांबायचा, चालायला लागला की दोरी सुटायची. तिसऱ्या घरापाशी नंदी नालीत गेला. त्याने तो काढला नाही, तसाच घरी आला आणि अंथरुणात तोंड घालून झोपला. पहिलीतल्या शेऱ्यांत तोवर 'आळशी' आणि 'हट्टी' हे दोन शब्द येऊन गेले होते. त्या संध्याकाळी मीही त्याला त्यातला एक शब्द म्हटला.

ही पार्श्वभूमी घेऊन आम्ही त्या मंगळवारच्या खोलीत गेलो.

खोलीत चटई, चेंडू, मणी, रिकाम्या बाटल्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं मॅडमनी त्याला काहीच विचारलं नाही. आमच्याशी बोलत होत्या, डोळे त्याच्यावर. मग बाटलीचं झाकण उघडायला दिलं. एका हाताने बाटली धरायची, दुसऱ्याने झाकण फिरवायचं, तर याची बाटलीच फिरायची. मणी ओवताना जीभ बाहेर, खांदे कानाला टेकलेले. कागदावर गोल काढला, अधिकचं चिन्ह काढलं, चौकोनाचे कोपरे वाकले, आणि त्रिकोण आला तेव्हा त्याने कागदच पालथा करून ठेवला. त्रिकोण साधारण पाच-साडेपाचव्या वर्षी लेकरं काढतात, हा साडेसहाचा होता. एका पायावर उभं राहणं. फरशीच्या रेघेवरून चालणं. डोळे मिटून, कोणत्या बोटाला हात लावला ते सांगणं. शेवटी शर्टाची चार बटणं. त्याला किती वेळ लागला ते मॅडमनी घड्याळात पाहून लिहिलं, मी लिहीत नाही.

दोन तास लागले. साडेसहा वर्षं एका छपराखाली राहून मला जे दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं. लिहिताना तो पेन्सिल इतकी दाबायचा की नख पांढरं पडायचं. ज्याला आम्ही सगळे मिळून आळशी म्हणत होतो, तो दोन ओळींसाठी दुसऱ्यांच्या दोन पानांची ताकद घालवत होता.

मॅडमनी विचारलं, घरात काय काय आहे? मी म्हटलं, काय असणार, कापूस आहे. तर तेच लिहून दिलं. रोज अर्धा तास बोंडातून कापूस काढायचा आणि कापसातून सरकी वेगळी करायची, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी. कणीक तिंबायची. पाण्याची छोटी बादली दोन्ही हातांनी उचलून न्हाणीपर्यंत न्यायची. महागडी खेळणी लागतील म्हणून मी उसनवारीची तयारी करून गेलो होतो, आणि औषध आमच्या ओसरीवर ढीग लावून पडलं होतं! शाळेसाठी वेगळी चिठ्ठी होती. बाकावर पाय लोंबकळतात, ते टेकले पाहिजेत. पेन्सिल जाड. आधी पाटी, मग वही. फळ्यावरचं उतरवणं कमी, तोंडी जास्त. गुरुजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, बाहेर गेले, शाळेच्या भिंतीच्या कामातल्या दोन विटा आणल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि बाकाखाली सरकवल्या. आज अक्षर गिचमिडच आहे, पण ओळीवरून खाली घसरत नाही. बटणं तीन लागतात, चौथं आई लावते.

साहेब, एवढं सगळं होतं ते आपण बंद केलं. आता तक्रारी.

पहिली अंतराची. जिल्हा आमच्यापासून सत्तर किलोमीटर, आणि खेड्यातून येणाऱ्याला दोन गाड्या. तपासणी सकाळी असते, म्हणून पहाटेची पहिली एसटी. जी आई लेकराला घेऊन निघते तिचा त्या दिवसाचा वेचणीचा रोज बुडतो, आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भात बुडालेला रोज म्हणजे काय हे आपल्याला मी सांगायला नको. काही लेकरांना आवाज सहन होत नाही, गर्दी सहन होत नाही. दोन तास एसटीत रडून, ओकून जे लेकरू टेबलासमोर पोचतं, त्याची तपासणी म्हणजे त्याच्या थकव्याची तपासणी. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण ती प्रमाणपत्रावर मिळते, आणि हा प्रवास असतो प्रमाणपत्राच्या आधीचा.

दुसरी तक्रार मोठी आहे. तपासणी म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के, असं आपल्याकडे ठरून गेलं आहे. माझ्या पोराचा यूडीआयडीचा फॉर्म मीच भरला, माझ्याच केंद्रातून, स्वतःलाच पावती दिली. रांगेत साडेतीन तास, आत चार मिनिटं. चालतो ना? बोलतो ना? पात्र नाही. नियमाने पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी तिथे भांडलो नाही. मॅडमचा अहवाल पाहून बालरोगतज्ज्ञांनी जे निदान लिहिलं ते डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे हालचालींचा ताळमेळ न जमणं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत हे नाव नाही. शाळकरी मुलांत शंभरी पाच-सहाजणांना ही अडचण असते असं वैद्यकशास्त्र सांगतं. तीस पोरांच्या वर्गात एक-दोन झाले. त्या एक-दोघांना आपली यंत्रणा 'काही नाही' असं सांगून परत पाठवते आणि शाळा 'आळशी' असं लिहून ठेवते.

माझं म्हणणं एवढंच की सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ असेल, असू द्या. पण तपासणीच्या दारावर ती रेघ कोणी ओढली? कायद्यात तर ती तिथे नाही. त्याच कायद्याचं कलम २५ म्हणतं की धोक्यातली लेकरं ओळखण्यासाठी सगळ्या मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी. सगळ्या मुलांची. टक्के नंतर येतात. टक्क्यांच्या कागदावर लेकराचं काय गेलं आहे ते लिहितात. मॅडमच्या कागदावर त्याला काय येतं, पुढे काय शिकवायचं आणि कोणत्या हाताने सुरुवात करायची ते होतं. माझ्या केंद्रात पहिल्या प्रकारचे कागद रोज लॅमिनेट होतात. दुसऱ्या प्रकारचा घेऊन अजून फार थोडे लोक आले.

तिसरी, चिठ्ठी जाते पण परत येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, ही चार कामं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. आराखडा उत्तम आहे. पथकातले डॉक्टरही मेहनती आहेत, त्यांना मी दोष देत नाही. करारावर राहून दिवसाला किती लेकरं बघावी लागतात ते मी पाहिलं आहे. पण पथकाने टिक केली, चिठ्ठी दिली, की ते लेकरू त्यांच्या रकान्यात 'संदर्भित' होतं आणि तिथेच संपतं. पुढे ते कुठे पोचलं का, कोणी पाहिलं का, काय निघालं, हे अंगणवाडीला कळत नाही, आशाताईंना कळत नाही, शाळेला तर नाहीच. माझ्या पोराची पहिली चिठ्ठी तिसऱ्या वर्षी, खरी तपासणी साडेसहाव्या. मधली साडेतीन वर्षं कोणत्या रकान्यात लिहायची?

चौथी, नवजात कक्षाची. कमी वजनाची, वेळेआधी झालेली, उशिरा रडलेली लेकरं पुढे अडखळू शकतात, हे डॉक्टरांना माहीत असतं. त्यांची नावं, वजनं, पत्ते सगळं नोंदलेलं असतं. ही यादी उघडून सहाव्या महिन्यात, वर्षाला, दोन वर्षांला एक फोन केला असता तरी पुरे होतं.

पाचवी, अहवालांची भाषा. मॅडम शाळेची चिठ्ठी मराठीत हाताने लिहून देत, ते त्यांचं चांगुलपण. इतर ठिकाणाहून येणारे अहवाल इंग्रजीत असतात. आया ते माझ्याकडे आणतात, "वाचून सांगा ना भाऊ." मी बारावी पास माणूस, मोबाइलवर एकेक शब्द शोधून सांगतो. चुकीचं सांगितलं तर जबाबदार कोण? एकदा एका आजीला मी व्यायामाचा डावा-उजवा उलटा सांगितला होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, गाडी काढून गावात जाऊन सांगून आलो.

आता मनुष्यबळ. माणसं नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. या विषयाचं देशातलं पहिलं शिक्षण मुंबईत १९५० साली कमला निंबकरांनी सुरू केलं. म्हणजे हे ज्ञान महाराष्ट्रात पाऊणशे वर्षं आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात याची पदवी शिकवतात, त्यात इंटर्नशिपही असते. विदर्भाच्या उशाशी थेरपिस्ट तयार होतात आणि विदर्भाच्याच तालुक्यात 'मनुष्यबळाअभावी' असा कागद मी टाइप करतो. अकरा महिन्यांचा करार, तोही वेळेवर न वाढवलेला, त्यावर कोण थांबेल? आमच्या मॅडम थांबल्या नाहीत. त्यांच्याबद्दल कोणाच्याही मनात राग नाही. शेवटच्या मंगळवारी एका आजीने त्यांना तीळ बांधून दिले होते.

आणि खर्च म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेलाही तसं बंधन आहे. त्या पैशाचं दरवर्षी काय होतं हे मला कोटेशनं टाइप करताना कळतं. इथे लिहीत नाही, विषय भरकटेल.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांत साधारण आठातल्या एकाला मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण आढळली होती. आपल्या तालुक्यात किती, हे कोणीच मोजलेलं नाही. कागद लागल्यापासून जे आईबाप माझ्याकडे येऊन "मॅडम कधी येतीन?" असं विचारून गेले, त्यांची नावं मी एका वहीत लिहून ठेवतो. दोन पानं भरली. तिसरं चालू आहे.

मागण्या साध्या आहेत. तालुक्याची तपासणी पुन्हा सुरू करा, महिन्यातून निदान दोनदा, आणि बाजाराच्याच दिवशी. त्या दिवशी गाड्या असतात आणि आईचा रोज तसाही अर्धा असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पद भरा. भरेपर्यंत नागपूरच्या महाविद्यालयाशी बोलून तिथल्या इंटर्नना अध्यापकांच्या देखरेखीखाली पाळीपाळीने पाठवा. राहण्याची-जेवणाची सोय आम्ही गावकरी करतो, हे लेखी देतो. फिजिओथेरपिस्ट आहेत ना, असं उत्तर देऊ नका. त्यांचं काम वेगळं आहे, ते स्वतःच तसं सांगतात. तपासणीला टक्क्यांची अट नको. प्रत्येक लेकराला किमान दीड तास द्या, आणि अखेरीला एक पान मराठीत, अर्धं घरासाठी, अर्धं शाळेसाठी. शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनी ते पान घेऊन शाळेत जावं आणि महिन्याने पुन्हा जावं. पथकाने दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख घाला आणि तीस दिवसांत तिचं उत्तर अंगणवाडीत पोचवा. नवजात कक्षातून घरी गेलेल्या लेकरांची यादी दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. जिल्ह्याला जावंच लागलं, तर आई आणि लेकरू दोघांचं भाडं त्या ५ टक्क्यांतून द्या, प्रमाणपत्र न मागता.

महाशिबिराबद्दल एक विनंती. ते घेऊ नका असं म्हणत नाही. सायकली, श्रवणयंत्रं, खुर्च्या वाटायला ते ठीक आहे. पण मंडपात, माइक चालू असताना, तीनशे लेकरांच्या रांगेत, मणी कसा ओवतो हे बघता येत नाही.

पत्राची पोच मिळाली आहे, शिक्का थोडा पुसट उमटला आहे. जानेवारीची तारीख गेली. पोराची फाइल आणि बाकीच्या लेकरांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत, ज्या मंगळवारी खोली उघडेल त्या मंगळवारी सगळ्या घेऊन येतो. दारावरचा कागद काढून दुसरा लावायचा असेल, तर तो मी फुकट टाइप करून देईन.

आपला,
एका सेवा केंद्राचा चालक,
आणि दुसरीतल्या एका विद्यार्थ्याचा बाप